स्कॉटलंडच्या डोंगरात हरणामागे: वारा, रायफल आणि कायदा

डोंगरकर (धागाकर्ता)

स्कॉटलंड भटकंतीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "तिथे हरणांची शिकार अजून चालते म्हणे, खरं का?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी इन्व्हर्नेसजवळ राहतो. नोकरी वेगळीच आहे, पण गेली काही वर्षं शरद आणि हिवाळ्यातले मोकळे दिवस डोंगरात हरणामागे जातात. आधी पाहुणा म्हणून जायचो, आता स्वतःच्या परवान्यावर एका इस्टेटीच्या (मोठ्या खासगी डोंगरी जमिनीच्या) स्टॉकरच्या, म्हणजे तिथली हरणांची शिकार सांभाळणाऱ्या माणसाच्या, हाताखाली जातो.

आधीच स्पष्ट करतो. भारतात यातलं काहीही करणं गुन्हा आहे आणि तो कायदा मला पूर्ण मान्य आहे. खालचं सगळं ब्रिटनपुरतं, त्यातही मुख्यतः स्कॉटलंडपुरतं.

हे करावं का लागतं? इथे रानात चार जातींची हरणं आहेत: रेड, रो, फॅलो आणि सिका. पहिल्या दोन मूळच्या इथल्या, सिका तर एकोणिसाव्या शतकात आशियातून आणून सोडलेली. लांडगा संपला, लिंक्स नावाचं मोठं रानमांजर त्याच्याही आधी संपलं. एखादं पिल्लू कोल्हा किंवा सोनेरी गरुड उचलतो, पण मोठ्या हरणाला माणसाशिवाय शत्रू उरलेला नाही. सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल २०२० मध्ये आला, त्यात स्कॉटलंडमधली हरणं दहा लाखांच्या घरात गेली असावीत असं म्हटलंय. इतकी तोंडं असली की बर्च, रोवन, पाइन यांची रोपं गुडघ्यापर्यंतही वाढत नाहीत. लॉख लॅगन या तळ्याच्या वर क्रेग मेगी म्हणून अभयारण्य आहे. १९८५ मध्ये ते सरकारी निसर्गसंस्थेने विकत घेतलं आणि कुंपण न घालता हरणं आणि मेंढ्या कमी केल्या. आज तिथल्या वाटेने वर चढताना दोन्ही बाजूंना बर्चचं दाट रान लागतं, आणि ते कुणी लावलेलं नाही. ज्यांना हा विषय नुसता रक्तपात वाटतो त्यांनी ती वाट एकदा चालावी.

आता प्रत्यक्ष काम. इथे हाका नसतो, मचाण नसतं, कुत्री मागे सोडणं तर बेकायदाच. सकाळी स्टॉकर दुर्बिणीने, जुने लोक असतील तर लांब नळीच्या टेलिस्कोपने, समोरचा अख्खा उतार चाळतो. याला वेळ द्यावा लागतो. नवीन माणूस दुर्बीण भराभर फिरवतो आणि "काहीच नाही" म्हणतो. स्टॉकर एकाच पट्ट्यावर थांबतो आणि तिथे हेदरच्या (डोंगरभर पसरलेल्या बुटक्या झुडपाच्या) तपकिरीत एक कान हलतो, मग पाठीची रेघ दिसते, मग आजूबाजूला बसलेली आणखी दहा.

मग वारा. हालचाल दिसली तर हरिण मान वर करून बघत राहतं, आवाज आला तर थोडं सरकतं, पण माणसाचा वास लागला की अख्खा कळप डोंगर ओलांडून जातो आणि त्या दिवशी परत येत नाही. म्हणून सगळा मार्ग वाऱ्यावरून ठरतो. हेदरची चिमूट चुरगळून सोडायची आणि कुठे जाते ते बघायचं, हे दर थोड्या वेळाने. खालच्या ग्लेनमध्ये, म्हणजे दरीत, पश्चिमेचा वारा असला म्हणून वर तोच असेल असं नाही. कॉरी म्हणजे डोंगराच्या कुशीतला खोलगट भाग, तिथे वारा कढईत ढवळल्यासारखा फिरतो आणि भल्याभल्यांचा दिवस वाया घालवतो. स्वच्छ दिवशी पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते आणि ऊन तापलं की वर चढते, हेही धरून चालावं लागतं. त्यामुळे सरळ रेषेत अर्ध्या तासाचं अंतर तीन तासांच्या वळशाने गाठणं अगदी नेहमीचं.

चढताना क्षितिजरेषेवर उभं राहायचं नाही. ओढ्याची घळ मिळाली तर तिच्यातून, पाणी असलं तरी. शेवटचा टप्पा गुडघ्यावर, मग पोटावर. पीटचा चिखल, ओलं हेदर, आणि रायफल कव्हरमध्ये, नळीत माती जाणार नाही अशी. कळपापेक्षा आधी भवतालच्या पाखरांवर आणि मेंढ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. पायाखालून ग्राउस ओरडत उडाला किंवा मेंढ्या धावल्या की हरणांना खबर लागते. कळपाची म्हातारी मादी सगळ्यात अवघड. बाकीच्या चरत असतात, ती रवंथ करता करता सुद्धा बघत असते.

टप्प्यात आलं म्हणजे गोळी झाडायची असं अजिबात नाही. हरिण बसलेलं असेल तर ते उठेपर्यंत थांबायचं. तासभर थांबलोय मी, पावसात. उठल्यावर ते कूस दाखवून उभं हवं, पुढेमागे दुसरं हरिण नको, आणि पलीकडे माती हवी. या गोळ्या काही किलोमीटर जाऊ शकतात, त्यामुळे हरणामागे आकाश दिसत असेल तर चापाला बोटसुद्धा लावायचं नाही. नेम हृदय-फुफ्फुसावर: पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर. डोक्यावर, मानेवर नेम धरायचा मोह नवख्याने टाळावा, कारण डोकं सतत हलतं आणि जबडा फुटलेलं हरिण पळून गेलं तर ते उपाशी मरतं. शंभर-दीडशे मीटरच्या आत जायचं आणि तिथून एक गोळी. दूरवरून मारण्याची फुशारकी इथला कुठलाही चांगला स्टॉकर खपवून घेत नाही.

गोळी लागल्याबरोबर दुसरं काडतूस भरायचं आणि हरणावरची नजर हटवायची नाही. फुफ्फुसात लागलेलं हरिण बहुतेकदा मागच्या लाथा झाडून पन्नासेक मीटर धावतं आणि पडतं. पाठ कमानीसारखी करून हळू चालायला लागलं तर गोळी पोटात लागलीय. तेव्हा दिसत असेल तर लगेच दुसरी गोळी, नाहीसं झालं असेल तर घाईने मागे धावायचं नाही. जिथे उभं होतं ती जागा शोधायची. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, गडद तांबडं म्हणजे यकृत, हिरवट काही दिसलं तर आतडी. मग थोडा वेळ देऊन माग काढायचा, शक्यतो शिकवलेल्या कुत्र्याला दोरीवर घेऊन. जखमी हरिण टाकून घरी जाता येत नाही. अंधार पडला तर पहाटे परत यायचं.

पडलेल्या हरणाकडे मागच्या बाजूने जायचं आणि काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं. पापणी हलली नाही म्हणजे संपलं.

साहित्याबद्दल थोडक्यात, कारण लोक यातच जास्त रमतात. बोल्ट-ॲक्शन रायफल, .२४३, ६.५×५५, .२७० किंवा .३०८, यापैकी कोणतीही चालते. त्यावर साधी चांगली दुर्बीण आणि नळीला मॉडरेटर, म्हणजे आवाज कमी करणारं नळकांडं. इथे तो कानांच्या संरक्षणासाठी अगदी सर्रास वापरतात. हंगामाआधी शंभर यार्डांवर कागदाच्या लक्ष्यावर रायफल तपासायची, आणि रायफल आपटली की पुन्हा. पैसे असतील तर रायफलवर कमी आणि हातातल्या दुर्बिणीवर जास्त घाला. ८×४२ किंवा १०×४२ उत्तम. दिवसभर तीच डोळ्याला असते, रायफल शेवटची पाच मिनिटं. बाकी आवाज न करणारे कपडे, घोट्यावर घट्ट बसणारे बूट, न घसरणारी छोटी सुरी, हातमोजे, दोर, नकाशा-होकायंत्र. अंगावर कडक प्लास्टिकचा रेनकोट नको, सळसळ शंभर मीटरवर ऐकू जाते.

कायद्याचं विचारलंत तर लिहीन, ते मोठं प्रकरण आहे.

---

रानभूल

लेख नीट वाचला, माहिती प्रामाणिक आहे हे मान्य. पण मला पटलं नाही. मी नागपूरची, ताडोबा-पेंचमध्ये फिरत मोठी झाले. चितळाची आलार्म कॉल ऐकून वाघाचा माग काढणारी आम्ही माणसं. ज्या जनावराचा इतका बारीक अभ्यास केला त्यालाच शेवटी मारायचं, हे मला झेपत नाही. लांडगे परत का आणत नाहीत? आणि पिल्लं असलेल्या माद्यांचं काय?

---

डोंगरकर

रानभूलताई, तुमचा प्रश्न मला रोज पडतो, त्यामुळे उत्तर सविस्तर देतो.

लांडगे परत आणायची चर्चा इथे आहे. लिंक्सची तर जास्तच. माझा त्याला पाठिंबा आहे. पण मेंढपाळांचा विरोध तीव्र आहे आणि उद्या निर्णय झाला तरी परिणाम दिसायला दशकं जातील. तोवर रोपं खाल्ली जातात, आणि हिवाळ्याच्या शेवटी अशक्त हरणं उपाशी मरतात. मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याच्या काठी पडलेले सांगाडे मी बघतो. ते मरण गोळीपेक्षा दयाळू आहे असं मला वाटत नाही.

माद्यांबद्दल तुम्ही विचारलंत ते फार योग्य, कारण खरं काम तिथेच आहे. जगभरचे पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शिंगाड्यासाठी, म्हणजे स्टॅगसाठी येतात. तेव्हा त्यांचा माजाचा काळ असतो, दऱ्या त्यांच्या हंबरण्याने भरतात, फोटो सुंदर येतात. पण चार स्टॅग मारून कळप कमी होत नाही, एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो. संख्या ठरते माद्यांवर. म्हणून थंडीत, पाहुणे गेल्यावर, स्टॉकर लोक बर्फात हाइंड, म्हणजे रेड माद्या, मारायला जातात. डिसेंबरमध्ये इथे नऊला उजाडतं आणि साडेतीनला सूर्य मावळतो. त्या अवघ्या काही तासांत डोंगर चढून, हरिण शोधून, खाली ओढून आणायचं. त्याचे फोटो कुणी टाकत नाही. माझ्या मते ज्याला खरोखर रानासाठी हे करायचंय त्याने शिंगांचा नाद सोडून हिवाळ्यात मदतीला जावं.

पिल्लांसाठीच बंद हंगाम आहे. स्कॉटलंडमध्ये रेड, सिका आणि फॅलो माद्या २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, रो माद्या २१ ऑक्टोबर ते ३१ मार्च एवढ्याच काळात मारता येतात. पिल्लं मे-जूनमध्ये जन्मतात, ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत ती चारा खाऊ लागलेली असतात. तरी आईच्या मागेच असतात. म्हणून पिल्लासह मादी दिसली तर दोन्ही मारायची किंवा दोन्ही सोडायची. आई मारून पिल्लू थंडीत एकटं सोडणं इथे निर्दयपणाच मानतात. दोन्ही स्वच्छ मारता येतील अशी खात्री नसेल तर आम्ही खाली उतरतो. असे रिकाम्या हाताने उतरलेले दिवस बरेच असतात आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

---

रानभूल

माद्यांचं नव्हतं माहीत. विरोध कायम आहे, पण आता कशाला विरोध करतेय हे नीट कळलं. वाचतेय.

---

थेम्सकाठ

छान धागा. मी रेडिंगला असतो, इंग्लंडची बाजू मांडतो, कारण लोक "यूकेचा कायदा" म्हणून एकच धरतात आणि अडचणीत येतात.

इंग्लंड-वेल्सला १९९१ चा डिअर ॲक्ट लागू, स्कॉटलंडला १९९६ चा वेगळा. इंग्लंडमध्ये रेड माद्यांचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. रेड नर १ ऑगस्ट ते ३० एप्रिल, रो नर १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. स्कॉटलंडने मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये नरांचा बंद हंगामच रद्द केला.

रायफलचे नियमही वेगळे. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच कॅलिबर (नळीचा आतला व्यास) आणि नळीच्या तोंडाशी १७०० फूट-पौंड ऊर्जा. स्कॉटलंड कॅलिबर बघत नाही, गोळीचं वजन, वेग आणि ऊर्जा बघतं: २४५० फूट प्रतिसेकंद आणि १७५० फूट-पौंड. रोसाठी कमी चालतं, किमान ५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी आणि १००० फूट-पौंड. गोळी फुलणारीच हवी, सैनिकी पद्धतीची टणक गोळी चालत नाही, कारण ती आरपार जाते आणि जनावर रेंगाळत मरतं. धनुष्यबाण दोन्हीकडे बेकायदा. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाआधी एक तासापर्यंत खास परवानगीशिवाय बंद.

आमच्याकडे मुंटजॅक फार झालेत. आपल्या भेकराचे चिनी चुलतभाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडफर्डशायरमधल्या वोबर्नला आणले, तिथून निसटले आणि आता परसातले गुलाबसुद्धा खातात. वर्षभर कधीही वितात, म्हणून त्यांना बंद हंगामच नाही. नियम पाळणारे लोक एक काळजी घेतात: दिवस भरत आलेली गाभण मादी मारतात, म्हणजे मागे दूध पिणारं पिल्लू राहात नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण विचार केला की पटतं.

---

वऱ्हाडी पांदण

मी शेतकरी. तूर, हरभरा, कपाशी. रोही आणि रानडुकरं रात्रीतून एकरच्या एकर साफ करतात. मी रात्री मचाणावर बसतो, फटाके फोडतो, बायको डबा घेऊन येते. तुमच्या स्कॉटलंडात जमिनीच्या मालकाला हक्क हाय आन् आमाले का नाय? माझ्या वावरात माझं पीक खाणाऱ्या जनावराला मी हात लावला तर मी गुन्हेगार. हे कोणतं रानप्रेम?

---

डोंगरकर

दादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही असं म्हणून मोकळा होणार नाही, पण इथे कुणी वकील असेल तर त्यांनी नीट सांगावं. माझ्या बाजूने एवढंच: इथे रानातलं हरिण जिवंतपणी कुणाच्याच मालकीचं नसतं, पण ते मारायचा हक्क जमिनीसोबत जातो. त्यामुळे डोंगराच्या मालकाची परवानगी नसेल तर परवाना, रायफल, हंगाम सगळं असूनही माणूस चोरटा शिकारीच.

---

कलम-बहाद्दर

वकिली करते, वन्यजीवांची काही प्रकरणं हाताळलीत, म्हणून लिहिते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२, कलम ९: अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार बंद. "शिकार" या व्याख्येत मारणं तर आहेच, पण फासा लावणं, विष घालणं, हाका करणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्नसुद्धा येतो. म्हणजे फासा लावला आणि काही अडकलं नाही तरी गुन्हा. मारलेला किंवा मेलेला आढळलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. जंगलात गळून पडलेलं चितळाचं शिंग उचलून घरी आणलं तरी तुम्ही अडचणीत याल, पर्यटकांनी हे लक्षात ठेवा.

पांदणदादा, तुमच्यासाठी कलम ११ आहे. पीक किंवा जिवाला धोका असेल तर वनविभागाचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, आणि महाराष्ट्रात रोही-रानडुकरांसाठी अशी तरतूद वापरात आहे. परवानगी हातात आल्याशिवाय बंदूक उचलू नका. पीकसंरक्षणाचा बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. शेतकरी नेमके इथेच अडकतात. वीजतार तर मुळीच सोडू नका, त्यात माणसं मेलीत आणि वाघही मेलेत. नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज लगेच करा, पंचनामा व्हायच्या आत शेत नांगरू नका.

आणि स्कॉटलंडचा नमुना इथे जसाच्या तसा का चालणार नाही हे रानभूल यांनी सांगावं.

---

रानभूल

कारण आपल्याकडे खाणारे अजून आहेत. मेळघाट, पेंच, ताडोबात चितळ, सांबर, रानडुक्कर हेच वाघाचं, बिबट्याचं, रानकुत्र्याचं अन्न. ते कमी झालं की तो गुरांकडे वळतो. पांदणदादांचा त्रास खरा आहे, माझ्या मामाचंही शेत उमरेडकडे आहे. त्यावर उपाय भरपाई वेळेवर मिळणं, कुंपणाला अनुदान, आणि अगदीच गरज असेल तिथे वनविभागाने स्वतः काम करणं. खासगी बंदुका रानात शिरल्या की रोह्यासोबत सांबरही जाईल, कोण मोजणार?

---

वऱ्हाडी पांदण

भरपाईचा पंचनामा येईपर्यंत दुसरं पीक उभं राहते ताई. पण कलम ११ चं माहीत नव्हतं. वकीलबाईंना धन्यवाद, उद्याच रेंज ऑफिसात जातो.

---

पाटा-वरवंटा

मांसाचं पुढे काय करता? इथे लंडनच्या सुपरमार्केटात व्हेनिसन मिळतं, दोनदा आणलं आणि चिवट झालं.

---

डोंगरकर

हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा. पाककृतीआधी डोंगरातलं सांगतो, कारण मांसाची चव तिथेच ठरते.

हरिण पडल्यावर लगेच मानेच्या बुडाशी सुरी घालून रक्त काढायचं. मग ग्रॅलॉक, म्हणजे पोट उघडून आतडी काढणं. आधी अन्ननलिका मोकळी करून गाठ मारायची, नाहीतर पोटातला चोथा मांसावर सांडतो. पोट उघडताना सुरीची धार वर ठेवायची आणि दोन बोटांमध्ये पातं धरून पुढे सरकायचं, म्हणजे टोक आतड्यात शिरत नाही. हे सगळं उकिडवं बसून, गारठलेल्या बोटांनी, हातमोजे घालून. आत हात घातला की वाफ येते आणि बोटं पुन्हा हलायला लागतात.

मग सगळ्यात महत्त्वाचं: तपासणी. आतड्यालगतच्या पडद्यातल्या लसिका ग्रंथी, यकृत, प्लीहा, फुफ्फुसं, एकेक बघायचं. ग्रंथी सुजलेल्या किंवा पू असलेल्या दिसल्या तर क्षयाची शंका, आणि तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. यकृतात चपट्या कृमी बऱ्याचदा सापडतात, मग यकृत टाकून द्यायचं. गोळी झाडण्याआधी ते जनावर लंगडत होतं का, एकटं उभं होतं का, हेही नोंदवायचं. विकायला जाणाऱ्या हरणावर प्रशिक्षित माणसाची सही असलेली चिठ्ठी लागते. पुढे ते खाली ओढून, कुठे गॅरन नावाच्या तट्टांवर, कुठे आठचाकी गाडीवर लार्डरमध्ये, म्हणजे हरणं टांगायच्या थंड खोलीत, नेतात आणि ७ अंशांच्या आत थंड करतात. वजन, लिंग, जबड्यावरून वय, मादीच्या कासेत दूध होतं का, सगळं वहीत जातं. पुढच्या वर्षी किती मारायची याचा हिशोब त्या वहीवरूनच होतो.

गोळीबद्दल एक. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर जातात. ते माणसाच्या ताटात येतात, आणि डोंगरात टाकलेल्या आतड्यांतून गरुडाच्या पोटात. मी तांब्याच्या गोळ्यांवर गेलो आणि सगळ्यांना तेच सांगतो. तांब्याची गोळी हलकी असते, म्हणून स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठी गोळीच्या किमान वजनाची अट १०० ग्रेनवरून ८० वर आणली. शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणायचा निर्णयही ब्रिटन सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलाय.

आता तुमचं चिवट मांस. हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, बकऱ्याच्या हिशोबाने शिजवलं की ते सुकतं. पाठीचा लांब स्नायू असेल तर तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी पटकन भाजायचा आणि आतून गुलाबी असतानाच उतरवायचा. खांदा किंवा नळी असेल तर दही-आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा, सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटण, आणि मंद आचेवर तीन तास. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या नकोत. खिमा करणार असाल तर खाटकाकडून थोडी मटणाची चरबी मिसळून घ्या.

---

पाटा-वरवंटा

शिट्ट्याच दिल्या होत्या. रविवारी मंद आचेवर करते. वाचनखूण साठवली.

---

मुळ्या-मुठा

एडिनबराला शिकतोय, वय २३. एकदा जायचंय. परवाना नाही, बंदूक कधी हातात धरली नाही. कुठून सुरुवात? आणि माझे वडील पुण्याहून येणार आहेत, त्यांना नेता येईल का?

---

डोंगरकर

परवान्याशिवायही सुरुवात होते. बंदूक कायद्यात सोय आहे: १७ वर्षांवरील माणूस खासगी जमिनीवर, मालकाची किंवा त्याने नेमलेल्या परवानाधारकाची रायफल त्याच्या नजरेसमोर वापरू शकतो. इस्टेटीची रायफल म्हणतात तिला. म्हणून स्टॉकरसोबत जाणारे बहुतेक पाहुणे रिकाम्या हातानेच येतात. आधी तुम्हाला लक्ष्यावर गोळ्या झाडून दाखवायला लावतील. नेम बसला नाही तर त्या दिवशी हरणावर गोळी नाही, आणि त्यावर वाद घालू नका. रायफल शेवटपर्यंत स्टॉकरकडेच असते. निशाण्याच्या जागी पोचल्यावर तो ती तुमच्या हातात देतो, आणि तो "नको" म्हणाला की नको.

पुढे आवड राहिली तर डीएससी-१ (डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट, पहिली पातळी) नावाची परीक्षा द्या. हरणांच्या जाती ओळखणं, कायदा, सुरक्षितता, मांसाची स्वच्छता आणि १००, ७०, ४० मीटरवरून नेमबाजी. कायद्याने ती सक्तीची नाही, पण ती नसेल तर जमीनमालक दारात उभं करत नाहीत. ब्रिटिश डिअर सोसायटीचे अभ्यासक्रम असतात. स्वतःची रायफल हवी तर पोलिसांकडे फायरआर्म सर्टिफिकेटचा अर्ज: सबळ कारण, कुठल्या जमिनीवर वापरणार त्याचा पुरावा, ओळखीच्या लोकांची साक्ष, डॉक्टरची माहिती, घरी भिंतीत ठोकलेली लोखंडी पेटी, आणि पोलीस घरी येऊन बघून जातात. कोणत्या कॅलिबरची किती काडतुसं ठेवायची हेही त्या कागदावर लिहिलेलं असतं. किल्ली बायकोला किंवा रूममेटलाही माहीत असता कामा नये.

वडिलांना आधी नुसतं सोबत न्या, रायफलशिवाय. वर हवा क्षणात बदलते, त्यांचे गुडघे आणि बूट दोन्ही तपासा. शिंगं भारतात न्यायचा विचार मात्र डोक्यातून काढा. परवान्यांशिवाय कस्टम्समध्ये अडकाल, आणि वर कलम-बहाद्दर ताईंनी लिहिलंच आहे.

---

सह्यभ्रमर

आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे ट्रेकला येतोय. गोळीबार चालू असताना डोंगरात फिरणं सुरक्षित आहे का? अडवतात का?

---

डोंगरकर

अडवत नाहीत. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने कुठेही चालायचा हक्क आहे. ऑगस्ट ते २० ऑक्टोबर बऱ्याच इस्टेटी पायथ्याशी पाटी लावतात किंवा आज कुठल्या भागात काम आहे ते कळवतात, ते वाचा आणि शक्य असेल तर धारेवरून, ठळक पायवाटेने चाला. तुमचा वास वाऱ्याने कॉरीत गेला तर कुणाचातरी अख्खा दिवस जातो, एवढाच प्रश्न असतो. रविवारी सहसा काम नसतं.

आणि सगळ्यांसाठी: संध्याकाळी अंगभर गोचिडी बघा. गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत. हरणांच्या रानात त्या असतातच आणि त्यातून लाइम रोग होतो. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-तूप लावायचं नाही. चावल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गोल पसरणारा लाल चट्टा दिसला तर वाट न बघता डॉक्टरकडे.

---

मुळ्या-मुठा

धन्यवाद डोंगरकर काका. मग स्टॅगसाठी पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबू, की हिवाळ्यातच येऊ?

---

डोंगरकर

हिवाळ्यात ये. हाइंडचा हंगाम १५ फेब्रुवारीपर्यंत आहे, स्टॉकरला ओढायला हात हवेच असतात आणि शिकायला मिळतं ते तेव्हाच. व्यनि कर. बूट आत्ताच विकत घेऊन घरात वापरायला लाग, नवे बूट घालून येऊ नकोस.